जास्त भरलेला बूट

काटेसाहेबांच्या हातून आजवर एकही खोटी तागडी निसटली नव्हती. निसटली ती बायको, आणि तीही गेल्या वर्षी भर रस्त्यात, सगळ्या शहराच्या देखत. लगेच भलता अर्थ काढू नका. शहरात दरवर्षी जोडीची शर्यत असते. घरातल्या कुणीही दोघांनी धावायचं आणि शेवटची रेषा दोघांनी मिळून ओलांडायची, एवढाच नियम. गेल्या वर्षी बायको पुढे निघून गेली, साहेब मागे राहिले, आणि नियमाप्रमाणे तिला रेषेच्या अलीकडे हाताची घडी घालून थांबावं लागलं. किती वेळ, ते विचारू नका. पाणी वाटणाऱ्या बाईशी तिने ओळख काढली, त्या बाईच्या सुनेचं बाळंतपण किती अवघड गेलं ते पहिल्यापासून ऐकून घेतलं, गोष्ट नातवाचं नाक कुणावर गेलंय इथपर्यंत आली, तेव्हा कुठे साहेब वळणावर दिसायला लागले.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक. दुकानादुकानांतले काटे तपासत हिंडतात, म्हणून ते काटेसाहेब, असं बाजाराने परस्पर ठरवून टाकलं आणि पुढे घरच्यांनी आणि कचेरीनेही मान्य केलं. माणूस असा की दुकानदाराचा चहा घेणार नाही, दुकानदाराच्या स्टुलावर बसणार नाही, तहान लागली तर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं पिणार. मापात पाप करणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही, आणि खरं माप देणाऱ्याला कधी शाबासकी दिली नाही, कारण खरं माप देणं हे काही उपकार नव्हेत असं त्यांचं म्हणणं.

तर गेल्या वर्षी दोघांनी मिळून रेषा ओलांडली, तेव्हा त्यांच्या मागे फक्त एक आजोबा आणि त्यांचा रडणारा नातू होता. तिथे मेहुणा उभाच होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मनगटावर बशीएवढं घड्याळ बांधून धावतो आणि धावून आल्यावर आपण किती धावलो ते न विचारता सांगतो. तो म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर धाव. बक्षीस घरी आणू." यावर बायको "नको" म्हणाली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. ती म्हणाली, "बघू."

संसार केलेल्या माणसाला या शब्दाबद्दल काही सांगायला नको. नवऱ्याने "बघू" म्हटलं की ते काम होत नाही. बायकोने "बघू" म्हटलं की ते काम ठरलेलं असतं, फक्त तुम्हाला अजून सांगितलेलं नसतं. साहेबांनी तो शब्द घरी आणला, उशाशी घेतला आणि वर्षभर जपला. बायकोच्या शेजारची जागा आपली आहे, ती मेहुण्याला द्यायची नाही, आणि यंदा तिला रेषेपाशी थांबायला लावायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी घेतलं. बोलले मात्र काहीच नाहीत. खात्याचा माणूस, तपास पूर्ण होईपर्यंत तोंड उघडत नाही.

तपास त्यांनी शास्त्रशुद्ध केला. बायको टपाल कचेरीत दिवसभर खिडकीमागे बसते, आपण दिवसभर बाजारात पायपीट करतो. म्हणजे पाय आपले जास्त तयार. जेवण दोघांचं एकच, हवा एकच, घरातले जिनेही तेच. मग फरक कुठे? फरक पायात. तिचे बूट उचलून पाहिले तर हातात काही आहे की नाही ते कळेना. आपले उचलले तर उखळ उचलल्यासारखं वाटलं. झालं, निदान झालं. दोष बुटाच्या वजनात होता. दोष धावणाऱ्याच्या वजनात असू शकतो, हा विचार त्यांना शिवलासुद्धा नाही, कारण निरीक्षकाने स्वतःची तपासणी करायची नसते, ती वरिष्ठांनी करायची असते.

हलका बूट घ्यायचा आहे, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे पीटी मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन जमाना लोटला तरी गळ्यातली शिट्टी गेलेली नाही. त्यांनी साहेबांना जिन्यातच गाठलं. "हलका बूट? सरावाला? बुद्धी गहाण टाकलीत काय? सरावाला जड घालायचा. जितका जड तितका चांगला. मग शर्यतीला हलका घातला की माणूस उडतो." असं म्हणून त्यांनी स्वतःचे जुने बूट आणून दिले. ते बूट कुठल्या तरी लष्करी छावणीत जन्माला आले असावेत. साहेबांना ते एक माप मोठे होते, पण मास्तर म्हणाले, दोन मोजे घाला, वजन आणखी वाढेल.

मग तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले. त्यांचा धावण्याशी संबंध नाही, पण मत आहे. ते म्हणाले, "हलका बूट घालू नका. गुडघे जातील. गुडघे गेले की दात जातात." गुडघ्यांचा दातांशी काय संबंध, हे साहेबांनी विचारलं असतं, पण डॉक्टरांनी तेवढ्यात "तोंड उघडा बघू" म्हटलं आणि मुद्दा राहून गेला.

मेहुण्याने तर दोन तास घेतले. "भाऊजी, बूट दोन लागतात. एक सरावाचा, एक शर्यतीचा. शर्यतीचा एकदम हलका. तो सरावात वापरायचा नाही, लवकर झिजतो."

"बरं. म्हणजे शर्यतीच्या दिवशीच नवाकोरा काढायचा."

"छे छे. शर्यतीत नवा बूट कधी घालायचा नाही. फोड येतात. आधी वापरून मऊ करायचा."

"म्हणजे सरावात वापरायचा."

"सरावात नाही वापरायचा, सांगितलं ना. झिजतो."

साहेबांनी बराच वेळ विचार केला. सरावात घालायचा नाही, आणि सरावात घातल्याशिवाय शर्यतीत घालायचा नाही. कायद्याची कलमं वाचून ज्याचे केस पिकले त्याला या कलमाचा अर्थ लागेना. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. सरावालाही चालेल आणि शर्यतीलाही चालेल असा एकच हलका बूट घ्यायचा. एक माणूस, एक जोडी, विषय संपला. मध्यमवर्गीय माणसाला मधला मार्ग नेहमीच परवडतो असं वाटतं. तो सगळ्यांत महाग असतो, हे नंतर कळतं.

बाजारातलं बुटांचं मोठं दुकान त्यांना माहीत होतं, म्हणजे बाहेरून. बूट नगावर विकतात, वजनावर नाही, त्यामुळे आजवर त्या दुकानाची पायरी चढायचं खात्याला कारण पडलं नव्हतं. कचेरीतून परस्परच गेले, तेव्हा खांद्यावर नेहमीची पिशवी होती. त्या पिशवीत काय असतं हे बाजारातल्या मांजरांनाही ठाऊक आहे. तपासणीचा काटा, प्रमाण वजनं, लाखेची कांडी आणि मोहर.

साहेब आत शिरले तसा दुकानदार गल्ल्यामागे उभा राहिला. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. हसू गोठलं तरी चेहरा गोलच राहिला.

"हलका बूट दाखवा," साहेब म्हणाले. "धावायचा."

दुकानदाराने सेल्समनला बाजूला सारलं आणि स्वतः शिडीवर चढला. एकामागून एक खोकी उघडली. आणि इथेच साहेबांचा पहिला गोंधळ उडाला. त्यांच्या उभ्या हयातीचा अनुभव असा की माल जास्त तर दाम जास्त. इथे उलटंच होतं. बूट जितका हलका तितका महाग. सगळ्यांत जड बूट स्वस्त, त्यापेक्षा हलका त्यापेक्षा महाग, आणि ज्याच्यात काहीच नाही असं वाटत होतं त्याची किंमत ऐकून साहेबांनी बाकावर हात टेकला.

"म्हणजे तुम्ही नेमकं विकता काय?" त्यांनी मनापासून विचारलं.

"साहेब, वजन कमी करायला खर्च येतो," दुकानदार म्हणाला. हे वाक्य साधंच होतं, पण वजनमापं खात्याच्या माणसासमोर ते उच्चारायला नको होतं. वजन कमी करणाऱ्यांना धरणं हाच साहेबांचा पेशा.

तरी साहेब शांत राहिले. ग्राहक म्हणून आलोय, ग्राहकासारखंच वागायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. एक जोडी मनात भरली. राखाडी रंगाची, मऊ तळव्याची, सरावाला पुरेल एवढी दणकट आणि शर्यतीला शोभेल एवढी हलकी. त्यांच्या पायांच्या मापाची हीच एक जोडी शहरात होती, कारण साहेबांचं पाऊल अंमळ मोठं. घालून दुकानभर फिरले. आरशासमोर जागच्या जागी धावूनही पाहिलं. पाय आपोआप उचलले जात होते. बायकोच्या शेजारून आपण धावतोय, ती धापा टाकत आपल्याकडे बघतेय, असं दृश्य त्यांना त्या आरशात स्पष्ट दिसलं.

"घेतो," ते म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांची नजर खोक्यासोबतच्या कार्डावर गेली. कार्डावर बुटाचं वजन छापलेलं होतं.

छापलेलं वजन दिसलं आणि साहेबांनी ते पडताळलं नाही, असं आजवर झालेलं नाही. एखाद्याला शिंक येते तसा त्यांचा हात पिशवीत गेला. काटा बाहेर आला, बूट काट्यावर चढला, आणि काटा छापील आकड्याच्या पुढे जाऊन थांबला.

"जास्त भरतंय," साहेब म्हणाले.

दुकानदाराच्या कपाळावर घाम आला. "साहेब, नाडी काढून बघा."

नाडी काढली. तरी जास्त. आतला मऊ तळवा काढला. तरी जास्तच. दुकानदार बुटात फुंकर मारायला लागला, धूळ असेल म्हणून. दुसरा बूट चढवला, तोही तेवढाच जास्त. म्हणजे चूक नव्हे, पद्धत होती. हलका म्हणून सांगायचं आणि जड द्यायचा. साहेबांमधला ग्राहक कधी उठून गेला आणि निरीक्षक कधी येऊन बसला, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दोन गिऱ्हाइकांना पंच म्हणून उभं केलं, पंचनामा झाला, जोडी कागदात गुंडाळली, दोऱ्याने बांधली, लाख वितळवली, मोहर उमटवली. साहेब ताठ मानेने दुकानाबाहेर पडले आणि निम्म्या रस्त्यात आल्यावर थांबले. आपल्या मापाची शहरातली एकुलती एक जोडी आपणच जप्त केली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बगलेत शर्यतीचा बूट, आणि तो पायात घातला तर मुद्देमालाचा अपहार.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी कागद वाचले. मग चष्मा पुसून परत वाचले.

"काटे, छापलंय त्यापेक्षा वजन जास्त भरलं?"

"हो साहेब."

"जास्त भरलं म्हणजे ग्राहकाला जास्त मिळालं."

"पण त्याला कमी हवं होतं साहेब."

मोठ्या साहेबांनी घंटी वाजवली. हेडक्लार्कला बोलावलं. त्याने कायद्याचं पुस्तक उघडलं, कमी भरल्याची सगळी कलमं मोठ्याने वाचली, जास्त भरल्याचं एकही सापडलं नाही. ग्राहकाला कमी हवं असताना दुकानदाराने जास्त दिलं, ही फसवणूक की औदार्य? हेडक्लार्क म्हणाला, औदार्याला आपल्याकडे शिक्षा नाही.

"तक्रारदार कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मीच."

"तपास अधिकारी?"

"मीच."

"मुद्देमाल कुणाच्या मापाचा?"

"माझ्याच," काटेसाहेब म्हणाले, आणि आपण हे का सांगितलं याचं त्यांना वाईट वाटलं.

शेवटी प्रकरण मार्गदर्शनासाठी मुख्य कचेरीकडे पाठवायचं ठरलं. मार्गदर्शन येईपर्यंत बूट कपाटात. मार्गदर्शन कधी येतं, हे विचारू नये. मागे एका प्रकरणात मार्गदर्शन आलं, तेव्हा दुकानाच्या जागी दवाखाना झाला होता.

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. साहेबांनी सगळी हकिगत सांगितली, फक्त बूट कशासाठी घेत होतो ते वगळून. तिने देठ मोडत मोडत ऐकलं आणि म्हणाली, "अहो, कार्डावर लहान मापाच्या बुटाचं वजन असेल. सगळ्या मापांचं वेगवेगळं कुठे छापत बसणार? तुमचं पाऊल मोठं, बूट मोठा, वजन जास्त."

साहेबांच्या हातातला पेला हातातच राहिला. एवढं साधं. टपालाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला कळलं, दुकानदाराला माहीत असूनही घाबरून सुचलं नाही, आणि आपल्याला सुचायचा प्रश्नच आला नाही, कारण आपण मोहर मारायला जागा शोधत होतो. ते सकाळी धावत कचेरीत गेले, प्रकरण मागे घेतो म्हणाले. हेडक्लार्क म्हणाला, गेलेलं प्रकरण मागे घ्यायचं तर त्यालाही वरून मार्गदर्शन लागतं.

इकडे बाजारात वेगळाच धुरळा उडाला. काटेसाहेब आता जास्त भरणाऱ्यालाही धरतात, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. इतकी वर्षं व्यापाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, कमी द्यायचं नाही. चार दाणे वर टाकले की साहेब खूश. आता चार दाणे वर टाकणाऱ्यांची झोप उडाली. वाण्याच्या दुकानात एकेक दाणा काढून परत टाकणं सुरू झालं. गिऱ्हाइकं वैतागली. साहेब दिसले की लोक काट्यावर फडकं टाकायला लागले. साहेबांना हे दिसत होतं, पण उलगडत नव्हतं. त्यांना वाटलं, आपला दरारा वाढलाय.

बुटांचा दुकानदार एका सकाळी घरी आला. दुसऱ्या शहरातून साहेबांच्या मापाची तशीच जोडी मागवून घेऊन आला होता. "फुकट नाही साहेब, पैसे द्या हवं तर. पण प्रकरण मिटवा." साहेबांनी खोक्याकडे पाहिलं, आणि त्या एका क्षणात त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली ते त्यांनाच ठाऊक. चौकशी चालू असलेल्या दुकानदाराकडून, घरात, बूट. पैसे देऊन घेतला तरी लोक काय म्हणतील? त्यांनी खोकं हातही न लावता परत पाठवलं. मेहुण्याने ऐकलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "भाऊजी, मग कपाटातलेच काढा. शर्यत झाली की परत बांधून ठेवा. लाख तुमच्याच पिशवीत, मोहर तुमच्याच हातात. कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," साहेब म्हणाले, आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

राहिले मास्तरांचे जड बूट. सराव त्यांच्यातच चालू होता. नाकापेक्षा मोती जड, तसा पायांपेक्षा बूट. साहेब मैदानात दोन मोजे घालून धप धप धावायचे, मास्तर कठड्यावरून शिट्टी फुंकायचे, आणि बायको एका फेरीत दोनदा शेजारून निघून जायची. दर वेळी शेजारून जाताना ती म्हणायची, "सावकाश हं." यात टोमणा होता का काळजी होती, ते साहेबांना फेरी संपेपर्यंत ठरवता यायचं नाही, आणि तेवढ्यात ती पुन्हा यायची. धावण्यात आपण तिच्या पासंगालाही पुरत नाही, हे त्यांना कळून चुकलं. शर्यतीच्या आठवड्यात एकदा जेवताना त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "यंदा तू भावाबरोबरच धाव. मी टाळ्या वाजवायला येईन."

ती ताटात बघत राहिली. "बघू," म्हणाली.

साहेबांना वाईट वाटलं. जागा स्वतःहून सोडली होती, पण तिने निदान एकदा तरी नको म्हणावं अशी अपेक्षा होती. माणूस मोठेपणा दाखवतो तो समोरच्याने अडवावं म्हणून. कुणी अडवलं नाही की मोठेपणा गळ्यात पडतो.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती कचेरीतून येताना छातीवर लावायचे आकडे घेऊन आली. दोन कापडी चौकोन टेबलावर ठेवले. एकावर तिचं नाव. दुसऱ्यावर साहेबांचं. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "माझं नाव आधीच दिलं होतंस?"

"मग कुणाचं देणार?" ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

साहेबांना आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. जागा राहिली, पण आता ती राखायची होती, आणि पायात मास्तरांचे रणगाडे.

सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना गर्दी. मेहुणा आपल्या बायकोबरोबर पहिल्या ओळीत उड्या मारत होता. शिट्टी झाली. पहिल्या चौकापर्यंत साहेब बायकोच्या शेजारी होते. दुसऱ्या चौकापर्यंत निम्म्या पावलाने मागे. पुढे तिची वेणी दिसत होती, तेवढीच खूण. आता रेषेपाशी पुन्हा ती हाताची घडी, पुन्हा ती पाणीवाली बाई, आणि तिचा नातू आता चालायलाही लागला असेल, असं साहेबांच्या मनात आलं आणि पाय आणखी जड झाले.

तेवढ्यात समोर मेवाशेठ दिसला. सुक्या मेव्याचा व्यापारी, अंगाने भरलेला. बघ्यांच्या गर्दीला विकायला म्हणून रस्त्याच्या कडेला मेजावर मांडणी करून बसला होता, शेजारी छोटा काटा. त्याने मान वर केली आणि त्याला दिसलं ते असं, काटेसाहेब लाल चेहऱ्याने थेट आपल्या दिशेने धावत येतायत आणि त्यांच्या मागे माणसांची झुंड. त्याने काटा काखेत मारला आणि तो पळत सुटला.

काटा घेऊन पळणारा माणूस. साहेबांच्या डोक्यात शर्यत होती, बायको होती, मेहुणा होता, ते सगळं एका क्षणात पुसलं गेलं. रस्ता डावीकडे वळत होता, तिथे हाताएवढा बाण होता, स्वयंसेवक झेंडा हलवत होता. साहेब सरळ गेले. मेवाशेठ गल्लीत, साहेब गल्लीत. मेवाशेठ लाकडाच्या वखारीतून, साहेब ओंडक्यांवरून. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारल्या, एका घराच्या अंगणात दात घासणाऱ्या माणसाला "माफ करा" म्हटलं, एक भिंत ओलांडली. मास्तरांचे बूट जमिनीला लागत होते की नाही देव जाणे. असे साहेब आयुष्यात धावले नव्हते. मागून कुणीतरी हाका मारतंय असं मध्येच वाटलं, पण हाका मारणारे बाजारात नेहमीच असतात.

गल्ली पुढे बंद होती. मेवाशेठ भिंतीला पाठ लावून उभा राहिला, काटा पोटाशी धरून. साहेबांनी हात पुढे केला. काटा उलटा केला, छाप पाहिली. छाप ताजी होती. गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः मारलेली.

"काटा तर बरोबर आहे," साहेब धापा टाकत म्हणाले.

"बरोबरच आहे. तुम्हीच तपासलात."

"मग पळालात कशाला?"

मेवाशेठने घाम पुसला. "साहेब, कमी देणाऱ्याला तुम्ही धरायचात, ते समजत होतं. मग जास्त देणाऱ्याला धरलंत. माझा काटा बरोबर. म्हटलं, आता राहिलं कोण? बरोबरवालेच. तशात तुम्ही एवढी माणसं घेऊन अंगावर आलात."

"अहो, ती शर्यत होती."

"शर्यत मला ठाऊक होती. पण तुम्ही तिच्यात धावताय, असं कुणाला वाटेल?" मेवाशेठ प्रामाणिकपणे म्हणाला. "तुम्ही का धावलात माझ्या मागे?"

"तुम्ही काटा घेऊन धावलात म्हणून."

कुणाची चूक, ते दोघांनाही ठरवता येईना. मग दोघांचंही लक्ष गल्लीच्या तोंडाशी गेलं. तिथे बायको गुडघ्यांवर हात टेकून, वाकून उभी होती. छातीवरचा आकडा एका टाचणीवर लोंबत होता.

"आणि वहिनी, तुम्ही?" मेवाशेठने विचारलं.

"हे धावत होते," ती म्हणाली, "म्हणून मी."

परत निघाले तेव्हा वखारवाल्याने रस्ता दाखवला. लांबून टाळ्या आणि ध्वनिक्षेपक ऐकू येत होता. मेहुण्याचं नाव पुकारत असावेत. आपण बाद झालो, हे सांगायलाही कुणाची गरज नव्हती. साहेब खाली मान घालून चालत होते. तिची शर्यत आपण घालवली. भावाबरोबर धावली असती तर आत्ता तिथे उभी असती, गळ्यात पदक घालून.

"मी वळण चुकलो ते तुला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"न कळायला काय झालं. बाण केवढा होता."

"मग तू तरी वळायचंस. नाहीतर हाक मारायचीस."

"किती मारल्या."

"ऐकू नाही आल्या."

"कशा येणार," ती म्हणाली. "तुम्ही केवढे पुढे होतात. मला गाठताच येईना."

साहेब थांबले. आजवर कुणी काहीही माप सांगितलं की त्यांचा पहिला शब्द असायचा, "दाखवा." तो आत्ताही अगदी जिभेवर आला होता. ती खरंच मागे पडली होती, की मुद्दाम मागे राहिली होती, की उगाच बरं वाटावं म्हणून म्हणतेय? त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, श्वास अजून लागलेला. त्यावरून काहीच कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तपासलं नाही.

ते निघाले. चार पावलं गेले असतील, तर मागून तिने त्यांचा सदरा धरला.

"अहो," ती म्हणाली, "जरा हळू चाला."